झोप अपुरी, पाय जड, आणि रविवारी २१ किलोमीटर

वाचकाचं पत्र: मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. वय ३७, वजन ६४ किलो. दोन वर्षांपासून धावतोय, १० किलोमीटरच्या शर्यती केल्यात. येत्या रविवारी जळगावला पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावायचंय. सराव चांगला झाला, लांब धाव १८ किलोमीटरपर्यंत नेली. किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद धरून २ तास १० मिनिटांत शर्यत पुरी करायची, असं ठरवलं होतं. पण या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची आहे. गव्हाला पहिलं पाणी द्यायचंय, दिवसा कापसाची वेचणी चाललीय. झोप जेमतेम चार तास होते. परवा ६ किलोमीटर धावलो तर पाय उचलत नव्हते. मित्र म्हणतो, ग्लुकोज पावडर घे आणि निघताना दुखण्याची गोळी टाक, काही होत नाही. शर्यत सोडून देऊ की धावू? आणि १४-१५ किलोमीटरनंतर पाय दगड झाले तर काय करायचं?

राम राम भाऊ,

धावा. पण २ तास १० मिनिटांचा आकडा आजच खोडून टाका. या रविवारी २ तास २० ते २५ मिनिटांची शर्यत धरून चला. सराव कुठे गेलेला नाही, फक्त तो वापरायला लागणारी झोप तुमच्याकडे नाही. थकलेल्या अंगाने २१ किलोमीटर पुरे होतात; ताज्या अंगासाठी ठरवलेला वेग मात्र थकलेल्या अंगाला झेपत नाही, आणि शर्यती बिघडतात त्या इथेच.

धावण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली ताप. गेल्या सात दिवसांत ताप, अंगदुखीसह सर्दी किंवा जुलाब झाले असतील तर रविवारी धावू नका. विषाणूच्या तापात काही वेळा हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि त्या अवस्थेत दोन तास जोर देणं जिवावर बेतू शकतं. दुसरी गोष्ट दुखणं. सगळी पोटरी किंवा मांडी भरल्यासारखी दुखत असेल तर तो थकवा आहे, दोन दिवसांत उतरतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, विशेषतः नडगीच्या हाडावरची, दाबल्यावर कळ देत असेल किंवा चालताना लंगडायला लावत असेल, तर शर्यत सोडा. शिवाय उद्यापासून रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटाची नाडी मिनिटभर मोजा. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त, तेही सलग तीन दिवस, असं दिसलं तर अंगाची झीज भरून निघत नाहीये असं समजा आणि मग रविवारी १० किलोमीटरच्या गटात जाता येतं का ते आयोजकांना विचारा.

आता पाण्याचं. गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना द्यायचं असतं. शर्यतीसाठी ते चुकवा असं कोणी सांगू नये. पण रात्री कोण जागणार हे तुमच्या हातात आहे. बुधवार-गुरुवारची रात्र तुम्ही करा. शुक्रवार आणि शनिवारची रात्र भावाकडे, सालदाराकडे किंवा बांधाशेजारच्याकडे द्या. त्याची रात्र पुढच्या आठवड्यात तुम्ही फेडा. दोन्ही मिळत नसतील तर शुक्रवारचीच मागा. पहिल्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री बहुतेकांना नीट झोप लागत नाही. तेवढ्या एका रात्रीने फारसं बिघडत नाही, पण तिच्या आधीची रात्र पुरी झालेली हवी.

दुपारची झोप मोजून घ्या: २५ मिनिटं, नाहीतर सरळ दीड तास. मधल्या चाळीस-पन्नास मिनिटांत गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं आणखी जड होतं. रात्री पाणी भरायला जाताना एक लक्षात असू द्या. चिखलातून गमबूट उपसत चालणं हा पोटऱ्यांचा आणि खुब्याच्या स्नायूंचा व्यायामच आहे, आणि धावताना हेच स्नायू लागतात. म्हणून या आठवड्यात वेगळा सराव नको. गुरुवारी ४ किलोमीटर, तेही गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. शुक्रवार-शनिवार काही नाही. आता केलेल्या मेहनतीचा फायदा रविवारपर्यंत अंगात उतरत नाही, थकवा तेवढा साचतो. परवाच्या ६ किलोमीटरवरून रविवारचा अंदाजही बांधू नका. ती धाव चार तासांच्या झोपेवर आणि दिवसभराच्या वेचणीनंतरची होती.

थकव्याचा एक भाग पायांत नसतोच. २००९ साली वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात १६ जणांवर एक प्रयोग झाला. एकदा दीड तास डोक्याला ताण देणारं काम आणि एकदा दीड तास माहितीपट, त्यानंतर दम संपेपर्यंत सायकल. माहितीपट पाहून सायकलवर बसल्यावर ते सरासरी साडेबारा मिनिटं टिकले, डोकं शिणल्यावर पावणेअकराच्या आसपास. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही वेळा तेवढंच काम करत होती. श्रम मात्र सुरुवातीपासूनच जास्त वाटत होते. कमी झोपेचंही बरंचसं असंच होतं. म्हणून शनिवारी कापसाचा हिशेब, मजुरीची वाटणी, बँकेचे कागद काढू नका. शनिवारची रात्र सुटली असेल तर दुपारीच जळगावला पोचा, शर्यतीचा नंबर घ्या आणि नातेवाइकांकडे मुक्काम करा. घरून पहाटे निघायचं म्हणजे अडीच-तीनला उठणं आलं, आणि आधीच तुटलेली झोप तुम्ही आणखी तोडणार.

शनिवारी रात्रीचं जेवण आठच्या आत. मुगाची खिचडी किंवा वरण-भात, वर थोडं तूप. डिसेंबर म्हटलं की भरताचा आग्रह होईलच, शेवभाजी आणि कळण्याची भाकरीही समोर येईल. ते सगळं रविवारी दुपारी. मिरची-तेलाचं भरीत आणि उडदाची भाकरी पोटात सावकाश पचतात, आणि पहाटे धावताना पोट ढवळतं किंवा भलत्या वेळी शौचाला पळावं लागतं. शर्यतीच्या दोन तास आधी दोन पोळ्या गुळाबरोबर आणि एक केळं, सोबत चहा. यात ६५-७० ग्रॅम कर्बोदकं होतात, तुमच्या वजनाला तेवढी पुरतात. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या. हिरवट केळ्यात पिष्ट जास्त असतं, ते पचायला वेळ लागतो. पिकताना त्याचीच साखर होते. रोज चहाची सवय असेल तर एखादा कप जास्त चालेल. सवय नसताना कडक कॉफी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका.

आता मुख्य गोष्ट, वेग. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८०-१०० ग्रॅम साखर साठवलेली असते. धावताना किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी जळते, म्हणजे २१ किलोमीटरला तुमच्या १३५० कॅलरी. साठा त्याहून मोठा आहे. मग पाय का संपतात? कारण ही साखर अंगभर वाटलेली असते. हाता-खांद्यांच्या स्नायूंतली पायांना मिळत नाही; पायांतली आणि यकृतातून रक्तात येणारी तेवढीच कामी येते, आणि वेग जितका जास्त तितकी चरबी कमी व साखर जास्त जळते. उन्हाळ्यात विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार एकदम लावली तर ती तासाभरात हवा ओढायला लागते, तीच थांबून-थांबून चालवली तर दिवसभर पुरते. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये थकलेला धावपटू नेमकी ती मोटार लावून बसतो. गर्दी असते, ढोल वाजत असतो, पहाटेची थंडी असते, पाय हलके वाटतात, आणि घड्याळात किलोमीटरला ५:५० (५ मिनिटं ५० सेकंद) दिसूनही ‘आज जमतंय’ असं वाटतं. हे हलकेपण उत्साहाचं असतं, ते पाच-सहा किलोमीटरमध्ये ओसरतं. नंतर पाय सांगतात तो खरा हिशेब.

म्हणून पहिले ५ किलोमीटर ६:५० ने. लोक बाजूने निघून जातील, जाऊ द्या. त्यातले बरेच तुम्हाला १६ व्या किलोमीटरनंतर चालताना भेटतील. ६ ते १४ किलोमीटर ६:३५ ते ६:४०. या हिशेबाने १४ किलोमीटरची पाटी साधारण १ तास ३४ मिनिटांवर येते आणि तोच वेग टिकला तर शेवट २ तास २१ च्या आसपास. घड्याळापेक्षा दमावर जास्त भरवसा ठेवा, कारण झोप कमी असली की रोजचाच वेग महाग पडतो. धावता धावता ‘एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस’ एका दमात सावकाश म्हणून बघा. पंचविसापर्यंत पोचलात तर वेग बरोबर. तेविसावर श्वास तुटला तर घड्याळ काहीही दाखवो, किलोमीटरमागे १० सेकंदांनी वेग उतरवा. १० किलोमीटरच्या आधी हा दम तुटता कामा नये.

सुरुवातीच्या जागी मंचावर झुंबा सुरू असेल. ताज्या माणसाला तो ठीक आहे, तुम्ही उड्या मारू नका. आठ मिनिटं भरभर चाला, दोन-तीनदा २० सेकंद हळू धावा, बस. पहाटे गारठा असेल तर जुना स्वेटर अंगावर ठेवा आणि सुटायच्या पाच मिनिटं आधी सोबतच्या माणसाकडे द्या. कुडकुडण्यातही ताकद जाते.

चालण्याची लाज बाळगू नका, मात्र ते ठरवून करा. पहिल्या पाणी केंद्रापासूनच प्रत्येक केंद्रावर ४० सेकंद भरभर चाला, पाणी नीट प्या, पुन्हा धावा. हिशेब मांडून बघा. किलोमीटरला १० मिनिटांच्या चालीने ४० सेकंदांत ६६-६७ मीटर होतात; ६:४० च्या वेगाने तेवढ्याला २७ सेकंद लागले असते. म्हणजे एका वेळी १३ सेकंद गेले. अशी आठ केंद्रं धरली तरी पावणेदोन मिनिटं. याउलट १७ व्या किलोमीटरला पाय बसल्यावर नाइलाजाने चालायला लागलात तर किलोमीटरमागे तीन-तीन मिनिटं जातात, आणि पुन्हा धावणं सुरू करताना मांड्या साथ देत नाहीत.

ग्लुकोज पावडरीबद्दल. ती घेण्यात गैर नाही, चूक प्रमाणात होते. एका ग्लासात तीन-चार मोठे चमचे ढवळून प्यायलं की ते घट्ट पाणी पोटातून पुढे लवकर सरकत नाही आणि कुशीत कळ येते. साखर साधारण सहा टक्के हवी: अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे सात सपाट चमचे, त्यात चिमूटभरापेक्षा थोडं जास्त मीठ आणि अर्धं लिंबू. ही बाटली हातात ठेवा. औषधाच्या दुकानातलं ओआरएस जुलाबासाठी बनवलेलं असतं. लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, मीठ भरपूर. दोन तासांच्या धावण्याला त्यातून जोर पुरत नाही.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि भूक लागायच्या आधी. ६, ११ आणि १६ किलोमीटरला खा. प्रत्येक वेळी तीन बी काढलेले खजूर, किंवा अर्धं केळं आणि वर दोन-चार घोट बाटलीतलं पाणी. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडचं पोसलेलं केळं सोलल्यावर १२०-१३० ग्रॅम भरतं, म्हणजे अर्ध्यात १४-१५ ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की नको, तेलामुळे ती पोटात रेंगाळते आणि दम लागलेला असताना तिचे तुकडे घशात अडकतात. गुरुवारच्या ४ किलोमीटरला एकदा तीन खजूर खाऊन बघा, पोट काय म्हणतं ते आधीच कळेल.

पाणी तहानेप्रमाणे. केंद्रावर १००-१५० मिलिलिटर, म्हणजे अर्धा-पाऊण ग्लास पुरे. प्रत्येक ठिकाणी दोन ग्लास भरून प्यायला लागलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, हातांची बोटं सुजणं, मग गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं होतं. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो.

दुखण्याची गोळी अजिबात नको. मित्र काळजीपोटी म्हणाला असेल, पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. धावताना आणि घाम गेल्यावर ते आधीच कमी झालेलं असतं. वर पोटाच्या अस्तराला त्रास होतो. आणि थकलेल्या पायात काही फाटत असेल तर ते सांगणारी कळच गोळी झाकून टाकते.

आता तुमचा १४-१५ किलोमीटरचा प्रश्न. पाय दगड होतील, हे गृहीत धरा. तसं झालं म्हणजे काही बिघडलं असं नाही. तेव्हा पावलं लांब टाकून वेळ भरून काढायचा मोह होतो, आणि त्यानेच गोळा येतो. थकल्यावर कंबर खाली बसते, पाय शरीराच्या पुढे लांब पडतो, टाच ब्रेकसारखी आपटते आणि प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूवर धक्का बसतो. म्हणून पाऊल आखूड करा आणि पावलांची संख्या तेवढीच ठेवा. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा: ४० किंवा जास्त हवा. ३६-३७ वर आला असेल तर पाऊल आणखी आखूड करा, वेगाकडे बघू नका. खांदे कानांकडे चढलेले असतात. दोन्ही हात खाली सोडून एकदा झटका, मुठी सैल करा. नजर बुटांवर नको, १५-२० मीटर पुढे रस्त्यावर ठेवा. मान झुकली की छाती दबते आणि श्वास आखूड होतो. चढ लागला तर हात जोरात हलवा, पाय त्यांच्या मागे येतात.

मग उरलेले सात किलोमीटर डोक्यात धरू नका. पुढचं पाणी केंद्र, तिथले ४० सेकंद, एवढंच काम. या टप्प्यावर मनात ‘थांबावं’ असं सारखं येत राहील. ते आलं की तीन गोष्टी विचारा. श्वास पंचविसापर्यंत जातोय का? चाल सरळ आहे का? एका जागी टोचणारी कळ आहे का? पहिल्या दोन्हींना हो आणि तिसरीला नाही असेल तर पुढच्या केंद्रापर्यंत जा. पोट काहीच घेत नसेल तर बाटलीतलं गोड पाणी तोंडात ८-१० सेकंद घोळवून थुंकून टाका. तोंडाला साखर लागल्याचा निरोप मेंदूला जातो आणि जोर थोडा परत येतो. २००४ साली सायकलपटूंवर हे तपासलं, तासाभराच्या शर्यतीत सुमारे तीन टक्क्यांचा फरक पडला होता. पोटरीत गोळा आलाच तर थांबा, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून ३० सेकंद धरा, सुटल्यावर दोनशे मीटर चाला. गोळा आलेल्या पायावर जोर देऊन धावलात तर स्नायू फाटू शकतो, मग महिनाभर घरी.

१८ किलोमीटरला अजून दम शिल्लक असेल तर तिथून पुढे किलोमीटरमागे १० सेकंदांनी वेग वाढवा. त्याआधी नाही.

छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, धावत असताना अंगावर शहारे, किंवा कोणी बोललेलं समजेनासं होणं, यातलं एकही झालं तर लगेच थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. बाजूचा माणूस झोकांड्या देत असंबद्ध बोलत असेल तर डिसेंबर आहे म्हणून उष्माघात विसरू नका. त्याला सावलीत झोपवा, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

शेवटची रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. कोरडा शर्ट घाला. तासाभरात पोटभर जेवा. आणि भाऊ, मोटारसायकलवर एकट्याने अमळनेरला परत निघू नका. आठवड्याची उसनी झोप, त्यावर सव्वादोन तास धावणं, त्यावर दुपारचं जेवण, आणि समोर सरळ रस्ता. डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. नातेवाइकांकडे दोन तास झोपा, किंवा एसटीने या, किंवा कोणाला तरी गाडी चालवायला घेऊन जा.

रविवारी रात्रीचं पाणीही दुसऱ्याकडे द्या. वेचणीला सोमवारी गेलात तर वाकताना मांड्या जाम होतील, त्याने घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सर्वात जास्त असतं. लघवी मात्र चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुन्हा धावायला शुक्रवारच्या आधी सुरुवात नको, आणि तेव्हाही लाईट दिवसाची असेल तरच.